दुसरा गंज

नत्थूभाऊले मी फार बोलते, असं वस्तीतले लोक म्हणतात. बोलते मी. अठरा वर्षं भिंतीले भिंत लावून दुकान आहे, तेवढा हक्क होतेच ना माणसाचा. माहं ब्लाऊज शिवाचं दुकान, त्याचं नाश्त्याचं हॉटेल, आणि दोघांच्या समोर इंदोऱ्यातलं आमचं फुटबॉलचं मैदान. सकाळी मी मशीनवर बसली की तिकडून फोडणीचा ठसका येते. मी शिंकते, आणि तो भिंतीवर थाप मारून ओरडते, "जय भीम, वंदनाताई!" मी पण इकडून थाप मारते. आमचं बोलणं निम्मं त्या भिंतीतूनच होते.

नागपुरात तर्री-पोहा कुठं मिळत नाही? चौकाचौकात मिळते. पण काळ्या चण्याचा तो लालभडक, वर तेल तरंगणारा रस्सा, त्याले तर्री म्हणाचं तर ती नत्थूचीच, असं आमच्याकडचे पोट्टे छातीवर हात ठेवून सांगतात. हॉटेलात बाकडे सहा, पंखा एक, आणि भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं, "तर्री एकच गंज. संपली की बंद." गंज म्हणजे ते मोठं उभं पातेलं. पहाटे ई-रिक्षातून येते. मधात गंज, आणि त्याले कवेत धरून नत्थूभाऊ, जशी नवी नवरी घेऊन येऊन राहिला. साडेपाचले उघडते, दहाच्या आत गंजाचा तळ दिसते. मग कोणीही येऊ द्या, नगरसेवक येऊ द्या नाही तर जावई, एकच उत्तर. "संपली."

"दुसरा गंज काहून नाही करत गा?" असं कोणी विचारलं की तो मान हलवते. "दुसऱ्या गंजाले पहिल्याची चव येत नाही." आमचे आनंदराव, रेल्वेतून रिटायर झालेले, रोज दोन प्लेटा खाणारे, हे वाक्य असं सांगत फिरतात की जसं कोण्या मोठ्या माणसानं सांगितलं. आणि मसाल्याचं विचारलं की नत्थूभाऊ उजवा हात वर करते. "मसाला काही नाही बापा. हा हात आहे, हात!"

हात म्हणे! हात कोणाचा ते मले माहीत होतं.

तो हात प्रेमिलाताईचा. त्याची बायको. मागच्या गल्लीत घर आहे, रिक्षानं पाच मिनिटं. रात्री चणे भिजवणं, खोबरं-कांदा भाजणं, पाट्यावर मसाला वाटणं, सगळं तिचं. तिच्या घरी मोठा चुलाही एक आणि गंजही एक, म्हणून तर्री एक गंज. एवढी साधी गोष्ट. त्याचं या माणसानं तत्त्वज्ञान करून भिंतीवर लिहून ठेवलं.

माणूस वाईट नाही, हे पण सांगून ठेवते, नाही तर तुम्ही माह्या रागाच्या नादात त्याले भलतंच समजसान. कापडगिरणीत होता तो. गिरणी बंद पडली तेव्हा वस्तीतले किती गडी दारूत गेले. हा गेला नाही. हातगाडी लावली, मग टपरी, मग हे दुकान. रोशनीले, त्याच्या पोरीले, नर्स केलं. पारशिवनीच्या दवाखान्यात आहे ती आता. मैदानावर सकाळी प्रॅक्टिसले येणाऱ्या पोट्ट्यांले हा न मागता वरून तर्री टाकते. पण एक खोड. हातगाडीच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "मस्त आहे गा, कोणी बनवली?" आणि याच्या तोंडातून गेलं, "मीच." गिरणीतून निघालेला माणूस, लोक म्हणतील बायकोच्या जिवावर पोट भरते, म्हणून गेलं असेल. पण गेलं ते गेलं. मग तेच खोटं त्याले बावीस वर्षं रोज सकाळी गरम करून वाढा लागलं.

प्रेमिलाताईनं कधी भांडण केलं नाही. तिचं दुखणं दुसरंच होतं. मागच्या उन्हाळ्यात ब्लाऊज टाकाले आली तेव्हा मापं देता देता म्हणाली, "वंदना, मी गंज भरून देते आणि रिकामा पाहते. मधात काय होते ते मले माहीतच नाही वं."

"म्हणजे?"

"म्हणजे लोक खातात कसे, ते मी पाहिलंच नाही. हे घरी आले की मी रोज विचारते, कशी झाली? हे म्हणतात, संपली. बस. चांगली झाली का वाईट झाली, काही नाही. संपली."

"मग ये ना एक दिवस हॉटेलात."

"म्हटलं मी. तर म्हणतात, गड्यांची गर्दी असते, तू काय करतं तिथं? मले काही कराचं नाही वं. मले फक्त एकदा पाहाचं आहे, लोकांची तोंडं कशी होतात ते."

मी तोंडात धरलेल्या टाचण्या काढून ठेवल्या. माप पुन्हा पहिल्यापासून घ्या लागलं.

तर असं सगळं चालू होतं, आणि या हिवाळ्यात आमचा शहराचा संघ राज्याच्या कपाच्या फायनलले गेला. कॅप्टन कोण, तर आमच्याच गल्लीतला पियुष. हिंगण्याच्या कंपनीत शिफ्ट करते, शिफ्ट सुटली की मोटरसायकलनं सरळ मैदानावर, आणि प्रॅक्टिस झाली की नत्थूकडं. लहानपणापासून या तर्रीवर वाढलेला. फायनल रविवारी दुपारी, बाहेरगावी. नत्थूभाऊनं हॉटेलात मोठा टीव्ही आणला, मैदानावर झेंडे, गल्लीत पताका, मी माहं काम सोडून तीन दिवस पताकाच शिवत होती.

प्रेमिलाताई शनिवारी म्हणाली, मी पण येते मॅच पाहाले. हा म्हणाला, "गड्यांची गर्दी आहे वं. तू घरी मोबाईलवर पाह्य."

मले समजलं तसं मी भिंतीवर थाप मारली. "काय हो नत्थूभाऊ, मी येणार आहे मॅचले. मी काय गडी आहे का?"

"तुमची गोष्ट वेगळी आहे, वंदनाताई."

वेगळी काय होती ते त्यालेही सांगता आलं नसतं.

मॅच काय सांगू! सत्तर मिनिटं झाली तरी एक-एक. आनंदरावांनी दोन वेळा छाती धरली, आम्ही दोन वेळा पाणी पाजलं. शेवटची आठ मिनिटं राहिली, डावीकडून बॉल आला, पियुष उडाला आणि डोक्यानं असा हाणला की गोलकीपर पाहतच राहिला. मग शिट्टी वाजेपर्यंत कोणी खाली बसलं नाही. जिंकलो! बाहेर फटाके, आत कल्ला, कोण कोणाच्या गळ्यात पडून राहिलं काही समजत नव्हतं. आणि त्या कल्ल्यात आमचे नत्थूभाऊ बाकड्यावर चढले.

"ऐका! उद्या दुपारी मिरवणूक इथूनच जाणार ना? थांबवा तिले! अख्ख्या मिरवणुकीले नत्थूकडून तर्री-पोहा! दुसरा गंज चढवतो मी!"

"दुसरा गंज?" आनंदराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग जो आवाज झाला तो गोल झाल्यावर पण झाला नव्हता. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकून मोकळा झाला.

मी त्याले बाजूले घेतलं. "प्रेमिलाताईले विचारलं?"

"तिले कशाले तरास? मीच करतो."

"तुम्ही?"

"बावीस वर्षं झाली, ताई. येत नसेल का मले?"

खरी गोष्ट अशी की कालच तिले येऊ नको म्हणलं होतं, आज तिच्यासमोर हात कसा पसराचा? लाज वाटत होती गड्याले. पण त्याहून वाईट म्हणजे, रोज 'माह्या हातची' म्हणता म्हणता त्याले स्वतःलेच ते खरं वाटाले लागलं होतं.

सोमवारी पहाटे पहिला गंज रोजच्यासारखा आला. प्रेमिलाताईनं रिक्षात ठेवून दिला आणि दारात उभी राहिली. हा काही बोलेल म्हणून उभी होती. हा बसला आणि निघून आला. आठ वाजता बिछायत केंद्रातून लग्नाचा मोठा गंज भाड्यानं आणला, हॉटेलामागं तीन दगड मांडले आणि खोबरं भाजाले बसला. मी मशीनवर होती. पहिल्यांदा वास आला तेव्हा वाटलं माही इस्त्री कापडावर राहिली. धावत मागं गेली तर खोबरं कोळसा झालेलं, आणि हा वर तिखटाच्या पुड्या मोकळ्या करून राहिला. रस्सा लाल तर झाला होता, नाही असं नाही. अपघात झाल्यासारखा लाल झाला होता.

साडेदहाले मी चमच्यात घेऊन चाखला. चणा दाताखाली आला तर टक् वाजला. दुसरा घेतला, तो पण टक्.

"नत्थूभाऊ," मी म्हटलं, "हे चणे भिजवले कधी?"

त्यानं माह्याकडं पाहिलं. काय निरागस पाहिलं बापा!

"भिजवाचे असतात?"

मी चमचा खाली फेकला. "अहो बैताड माणसा! बावीस वर्षं तर्रीचा राजा म्हणून मिरवून राहिले, आणि चणे भिजवाचे असतात हे माहीत नाही? दगड आहेत ते दगड! पियुषचे दात पाडता का कप जिंकून आणला म्हणून?"

तेवढ्यात आनंदराव सांगत आले की ट्रक स्टेशनवरून निघाला, संग संदल आहे. संदल म्हणजे आमचा तो ढोल-ताशाचा बाजा, गाडीवर भोंगा आणि माइक घेऊन चालते. कडबी चौकात नाचतील, थांबतील, म्हणजे हातात फार तर तास-सव्वा तास. नत्थूभाऊ उलट्या बादलीवर बसून गेला. रडला नाही, पण तोंड पाहवत नव्हतं. सगळ्या शहरासमोर बोलून बसलेला माणूस.

"जा घरी," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं मीच करतो म्हणलं ना, त्याच तोंडानं. चला, मी पण येते."

ई-रिक्षा घेऊन गेलो. दार उघडंच होतं. आणि अंगणात, चुल्यावर, विहारातून आणलेला मोठा गंज. झाकणाच्या फटीतून वाफ निघत होती, आणि तो वास! तोच. तिनं फटाके ऐकले, ग्रुपवर नवऱ्याचा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हाच चणे पाण्यात टाकून मोकळी झाली होती. तीस वर्षांचा संसार आहे, तिले का माहीत नसेल हा माणूस काय करणार ते? बाजूले प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसली होती. जांभळं लुगडं, मीच शिवलेला ब्लाऊज, केसाले तेल, पायात चप्पल. तयार होऊन बसली होती.

नत्थूभाऊले एकदम हायसं वाटलं. सरळ पुढं झाला आणि गंजाच्या कानाले हात घातला. प्रेमिलाताईनं झाकणावर तवंगाचा मोठा पळा आडवा ठेवला.

"आज हा गंज एकटा नाही जात."

"म्हणजे?"

"मी संग येते."

"अगं, तिथं आज भलती गर्दी..." त्याची सवय गेली नव्हती.

"मग राहू द्या," ती म्हणाली, आणि पुन्हा खुर्चीवर बसली. आवाज चढवला नाही, काही नाही. मी मनात म्हटलं, शाब्बास माय!

नत्थूभाऊ गंजाकडं पाहे, तिच्याकडं पाहे. दूर कुठंतरी संदल वाजाले लागला होता. मग तो म्हणाला, "चाल." आणि थोडं थांबून, "पदर सांभाळजो, वाफ लागन."

रिक्षात मधात गंज, एका बाजूनं त्यानं धरलेला, एका बाजूनं तिनं. मी ड्रायव्हरच्या बाजूले अर्धी बाहेर लटकलेली. आम्ही पोहोचलो आणि समोरून ट्रक वळला. काय गर्दी ती! झेंडे, गुलाल, नरखेडच्या कोणीतरी संत्र्याची क्रेट दिली होती तर ट्रकवरून पोट्टे लोकांकडं संत्री फेकून राहिले होते. संदलचा आवाज छातीत वाजत होता. प्रेमिलाताई गल्ल्यामागं जाऊन भिंतीले टेकून उभी राहिली, हातात पळा घट्ट धरून. घाबरली होती ती, पण नजर सगळीकडं फिरत होती.

ट्रक थांबला. पियुष खाली उडी मारून आला, काखेत कप, गळ्यात हार, घामानं गुलाल वाहून राहिलेला.

"काय नत्थूकाका! दुसरा गंज! आमच्यासाठी हात चालवला तुम्ही, मानलं!"

सगळे नत्थूभाऊकडं पाहून राहिले. फक्त मान हलवाची होती त्याले, बस. प्रेमिलाताईनं खाली पाहिलं. ती काही बोलणार नव्हती, तिले पाहाचं होतं तेवढं पाहाले ती आली होती. पण मी ठरवून टाकलं होतं, हा आज 'मीच' म्हणाला तर माह्या खिशात कैची आहे, त्याच्या हॉटेलाची ताडपत्री मी उभी चिरीन.

नत्थूभाऊ काहीतरी बोलला. संदलच्या आवाजात कोणाले ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलला, पुन्हा नाही. मग तो गेला आणि संदलवाल्याच्या हातातून माइकच ओढून घेतला. ढोल थांबले.

"पोट्टेहो, ऐका," तो म्हणाला, आणि भोंग्यातून त्याचा आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेला. "ही तर्री माह्या हातची नाही. कधीच नव्हती. मी खोटं बोलत होतो. ही हिची आहे, प्रेमिलाची. पहिल्या दिवसापासून हिची. मले तर चणे भिजवा लागतात, हेही आज सकाळी समजलं."

असा हशा उठला की विचारू नका. त्या हसण्यात तो पण हसला, कान लाल झालेले. आनंदराव म्हणाले, "मी म्हणतच होतो!" ते कधीच म्हणत नव्हते. पियुषनं गल्ल्यामागं पाहिलं, पुढं आला, आणि कप नेऊन प्रेमिलाताईच्या समोर, गंजाच्या बाजूले ठेवला.

"काकू, वाढा."

तिनं वाढलं. पोह्यावर तर्री, वर कांदा, सांभार म्हणजे कोथिंबीर. पियुष तिथंच उभ्यानं खाले लागला. पहिला घास गेला आणि त्यानं डोळे मिटले. नाकातून पाणी आलं, ते बाहीनं पुसलं. कपाळावर घाम. 'स्स्स' करत दुसरा घास, तिसरा, मग प्लेट तोंडाले लावून रस्सा पिऊन टाकला आणि प्लेट पुढं केली. "अजून तर्री, काकू!" त्याच्यामागं चाळीस हात, सगळ्यांच्या हातात प्लेटा.

प्रेमिलाताई मात्र पळा हवेत धरून उभी.

"वाढ ना," मी म्हटलं, "लाइन लागली."

"थांब वं," ती म्हणाली. "पाहू दे जरा."

तीन वाजेपर्यंत सगळं निपटलं. ट्रक पुढं गेला, संदल दूर गेला, रस्त्यावर संत्र्याची सालं. त्याच्या दगडी चण्यांचा गंज मागंच पडून होता, ते आम्ही पुढं चार दिवस कुकरमध्ये घालून संपवले. मी माह्या दुकानात आली, पण मशीन चालू केली नाही. भिंतीपलीकडचं मले सगळं ऐकू येते, आणि त्यात लाजाचं काय? नळाचा आवाज येत होता. नत्थूभाऊ विहाराचा गंज स्वतः घासून राहिला होता.

"कशी झाली?" प्रेमिलाताईनं विचारलं. सवयीनं विचारलं असेल तिनं.

"सं..." तो म्हणाला, आणि थांबला. नळ बंद झाला. "मी खाल्लीच कुठं? सगळी वाटण्यात गेली."

मग ताटली उचलल्याचा आवाज. तिनं गल्ल्याखाली एक वाटी झाकून ठेवली होती त्याच्यासाठी. ओल्या हातानंच चमचा उचलला असेल त्यानं. चमचा वाटीच्या तळाले लागला. मग एकदम हळू, पुटपुटल्यासारखं, "चांगली झाली."

"जोरात बोला ना," प्रेमिलाताई म्हणाली. "वंदनाले ऐकू नाही आलं."

मले ऐकू आलं होतं. पण मी भिंतीवर जोरात थाप मारली आणि ओरडली, "नाही आलं, नत्थूभाऊ! पुन्हा बोला!"